ढग खाली काऊन पडत नाई

यंदाही श्रावणात पावसानं ताण दिला आहे. सोळा दिवस झाले. दुपारी तीन-साडेतीन वाजले की पश्चिमेकडून ढग येतात, भरलेले, पोटाशी काळपट. वाडीतली वांगी, भेंडी, दोडक्याचा वेल, सगळ्यांवर सावली धरतात. वारा जरा गार होतो. आणि पाऊण तासात ते नागपूरच्या दिशेनं निघून जातात. शेजारच्या वाडीतला माणूस कमरेवर हात ठेवून वर बघतो आणि म्हणतो, "गेला जी गुरुजी, आजबी गेला." मी मान हलवतो. तो पाइप ओढत वांग्याच्या सऱ्यांकडे वळतो. मला मात्र बराच वेळ जागचं हलता येत नाही.

बाकीच्यांच्या आठवणीत कोसळलेले पाऊस असतात. माझ्या आठवणीत न पडलेला एक पाऊस आहे. चार वर्षांपूर्वीचा, असाच श्रावणातला. सेवाग्रामच्या दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात काढलेल्या अकरा दिवसांचा.

मी सेलूजवळच्या एका शाळेत बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं. पाऊस कसा पडतो हा धडा किती वेळा शिकवला असेल याची गणती नाही. फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात समुद्र, त्यावर सूर्य, वर जाणारे तीन बाण, मग ढग, ढगाखाली तिरप्या रेघा. बाष्पीभवन, सांद्रीभवन, पर्जन्य. हे चित्र मी वर्गाकडे तोंड करून, फळ्याकडे न बघता काढू शकत असे आणि मुलं त्यावर खूश होत. परीक्षेत तीच आकृती येई, मुलं तीच काढत, मी गुण देई. कुणाला काही अडत नव्हतं.

माझी बायको विमल सहावीपर्यंत शिकलेली. तिच्या गावची शाळा तिथंच संपत होती. लग्न होऊन आली आणि वर्षभरात घरामागची दीड एकराची वाडी तिनं हातात घेतली. सेलूच्या बाजारात तिची वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, तिच्या नावानं ओळखले जायचे. पाऊस पडून गेला की मी वर्तमानपत्रात किती मिलिमीटर झाला ते वाचायचो. ती चप्पल बांधावर काढून वाफ्यात उतरायची, मातीत बोट खुपसायची आणि तिथूनच सांगायची, "दोन पेर ओल हाये. सांभार पेरून देतो आज." बोटाच्या पेरांचं तिचं माप कधी चुकल्याचं मला आठवत नाही. पण ते माप आहे, हे मला तेव्हा सुचलंही नाही.

लग्नानंतरचा पहिलाच पावसाळा होता. शाळेतले तिघे सहकारी घरी आले होते. ओसरीत खुर्च्या टाकून आम्ही बसलो होतो. आभाळ गच्च भरलेलं, एक थेंब नाही. विमल चहा घेऊन आली, कप ठेवले, आणि वर बघत अगदी सहज म्हणाली, "ढगात एवढं पाणी राह्यते, मंग थो खाली काऊन नाई पडत जी? वजनानं?"

एकवीस वर्षांची होती. नवऱ्याला सगळं माहीत असतं, या विश्वासानं विचारलं होतं.

मी म्हणालो, "वरून दोरीनं बांधून ठेवला हाये त्याले."

तिघेही हसले. मी हसलो. तीही हसली, पदर तोंडाला लावून. रिकामा ट्रे घेऊन आत गेली. गोष्ट संपली. इतकी संपली, की त्यानंतर एकतीस वर्षांत तिनं मला एकही प्रश्न विचारला नाही, हे माझ्या लक्षातही आलं नाही. म्हणजे घरातलं विचारायची: दूध आणलं का, आमच्या मुलीच्या, मायाच्या कॉलेजची फी भरली का. पण हे असं का होतं, ते तसं का, यातलं काही नाही. मला वाटायचं, तिला त्यात रस नसेल. गावातली चाळीस-पन्नास पोरं रोज संध्याकाळी आमच्या ओसरीत शिकायला यायची. ती आतल्या खोलीत भाजी निवडत बसायची आणि माझा आवाज तिच्यापर्यंत जात असणार. दार उघडंच असायचं.

मी निवृत्त झालो त्याच वर्षी तिचे पाय सुजायला लागले. वाडीत उभं राहून राहून असेल, असं दोघांनीही धरलं. मग चेहरा सुजला. तपासण्या झाल्या तेव्हा कळलं की किडन्या बऱ्याच आधीपासून थकत आल्या होत्या आणि तिनं कुणाला काही सांगितलं नव्हतं. "काय सांगू? दुखत तं काईच नोतं," ती म्हणाली. त्यानंतर आठवड्यातून दोनदा डायलिसिसच्या मशीनवर घ्यायचे. वर्षभर एसटीनं जाऊन-येऊन भागलं. श्रावणात ताप आला, दम लागायला लागला, म्हणून भरती करून घेतलं.

खाट खिडकीजवळ मिळाली. खिडकीतून कडुनिंबाची दोन झाडं आणि बरंच आभाळ दिसायचं. शेजारच्या खाटेवर वडनेरची एक तरुण सून होती आणि तिच्याजवळ बसायला तिची सासू कुसुमबाई. पासष्टीच्या, वाळलेल्या, मोठ्या आवाजाच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला स्टूल सरकवून दिलं आणि विचारलं, "मास्तर हाये का जी तुमी?" कशावरून, म्हणालो. "बोट वर करून बोलता म्हून."

विमलला दिवसाला मोजकंच पाणी चालायचं. औषधाबरोबरचं, चहातलं, भाजीच्या रश्श्यातलं, सगळं धरून. मोजायचं काम माझ्याकडे होतं. स्टीलचा एक छोटा पेला होता. सकाळी सिस्टर आकडा सांगायची आणि मी दिवसभर त्या पेल्यानं पुरवून पुरवून द्यायचो. तहान कशी असते ते मी त्या अकरा दिवसांत पाहिलं. ती मागायची नाही. जिभेनं ओठ ओले करायची आणि खिडकीबाहेर बघायची. बाहेर रोज दुपारी ढग यायचे. रोज जायचे. कुसुमबाई खिडकीशी उभ्या राहून त्यांना बोल लावायच्या, "आमच्या वडनेरले तुरी सुकून राह्यल्या, आन् हे पाहा कसे मिरवून राह्यले."

चौथ्या दिवशी दुपारी विमल उशीला टेकून बसली होती. मशीनवरून आल्याला एक दिवस झाला होता, चेहऱ्यावर जरा तरतरी होती. ढग आले. ती बराच वेळ बघत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "एक इचारू का जी? हासान तं नाई?"

विचार, म्हणालो.

"हे ढग खाली काऊन नाई पडत?"

मला ओसरी आठवली, कप आठवले, तिघांची तोंडं आठवली. मी विचारलं, "तुले आठवते का, आदीबी तू..."

"तुमी दोरी म्हणलं होतं," ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. कालची गोष्ट असावी तसं म्हणाली. "मी दोन-चार दिवस पाह्यलं बी वर. म्हणलं, असन बी काई. नवीनच होती ना मी."

मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मला उत्तर येत नाही. बाण, बाष्प, थेंब, सगळं येतं. पण पाण्यानं भरलेली एवढी मोठी वस्तू वर कशी राहते, हे मला बत्तीस वर्षांत वर्गात कुणी विचारलं नव्हतं आणि मी स्वतःला विचारलं नव्हतं. त्या दिवशी ओसरीतही मला ते येत नव्हतं. आपण का हसलो होतो, हे मला त्या स्टुलावर बसून पहिल्यांदा समजलं.

"मले नाई मालूम," मी म्हणालो. "पाह्यून सांगतो."

तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेत आश्चर्य होतं आणि आनंदही होता, असं मला वाटतं. आज तरी वाटतं.

दुसऱ्या दिवशी कुसुमबाईंना तिच्याकडे लक्ष ठेवायला सांगून मी घरी गेलो. कपडे घेतले आणि तसाच शाळेत गेलो. वाचनालयाची किल्ली अजून त्याच शिपायाकडे होती. हवामानावरची दोन जुनी पुस्तकं धूळ झटकून काढली आणि दुपारभर वाचत बसलो, वहीत लिहून घेतलं. परीक्षेचा अभ्यास करावा तसा केला. समजलं नाही ते पुन्हा वाचलं. परतीच्या बसमध्ये वही उघडून मनातल्या मनात घोकत होतो. इतक्या तयारीनं मी एकाही वर्गावर गेलो नव्हतो.

संध्याकाळी चार ते पाच असा आमचा तास ठरला. मधले दोन दिवस मशीन आणि तापामुळे बुडाले, तरी तीन तास झाले.

पहिल्या दिवशी सांगितलं, ढग म्हणजे पाण्याची घागर नव्हे. तापलेली हवा वर जाते, तिच्यात न दिसणारी वाफ असते, वर गारठा असतो, तिथं वाफेचं पुन्हा पाणी होतं. विमल म्हणाली, "भाताच्या झाकणाले पाणी सुटते, तसं." मी हो म्हणालो. त्या पुस्तकात चार ओळी घातल्या होत्या त्यावर.

दुसऱ्या दिवशी सांगितलं की वाफेला नुसत्या हवेत सहसा थेंब होता येत नाही. बसायला काहीतरी लागतं. धुळीचा कण, समुद्राच्या मिठाचा कण, धुराची काजळी. प्रत्येक थेंबाच्या पोटात असा एखादा कण असतो. हे तिला फार आवडलं. "म्हणजे आपल्या वाडीतली धूळ बी असन त्यात?" असेल की. "आन् चुलीचा धूर?" तोही. तिनं थोडा विचार केला. "मंग मी उन्हाळभर झाडत होती, थे काई वाया नाई गेलं," ती म्हणाली आणि हसली. कुसुमबाईही हसल्या. त्या सुनेचे पाय चेपत होत्या, पण कान इकडेच होता हे मला ठाऊक होतं. पलीकडच्या दोन खाटांवरच्या बायकाही बोलणं थांबवून ऐकत होत्या. एकीनं तर हात वर केला. विचारलं काय, तर तिला सिस्टरला बोलवायचं होतं.

बत्तीस वर्षं मी शिकवलं. शिकवण्यात सुख असतं, हे त्या वॉर्डात कळलं. सलाइनच्या स्टँडला पिशवी लटकलेली, फिनेलचा वास, आणि खाटेवर ही माझी विद्यार्थिनी. प्रत्येक गोष्ट ऐकून घ्यायची, मनात फिरवून बघायची, आणि आपल्या घरातलं, वाडीतलं काहीतरी त्याच्या शेजारी आणून ठेवायची. ओसरीतल्या पोरांपैकी एकानंही असं केलं नव्हतं. हिला मी आतल्या खोलीत भाजी निवडायला बसवलं होतं.

तिसरा तास दहाव्या दिवशी झाला. तिच्या मूळ प्रश्नाचा. मी म्हणालो, ढगातला थेंब इतका बारीक असतो की एकटा डोळ्याला दिसणारही नाही. आणि खरं सांगायचं तर तो पडतच असतो. फक्त इतका सावकाश, की खालून वर येणारी हवा त्याला झेलून धरते. यावर मी उदाहरणही तयार करून आणलं होतं, कवडशात तरंगणाऱ्या धुळीचं. पण मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "पीठ चाळताना उडते ना, तसं. थे बी खाली बसाले किती टाइम घेते! आपल्या पापण्यावर येऊन बसते, पण भुईवर नाई." मी माझं उदाहरण वहीतच ठेवलं.

"मंग शेवटी पडते कसा?" तिनं विचारलं. "वारा झेलते, तं पडालेच नाई पाह्यजे कदी."

प्रश्न बरोबर होता. उत्तर माझ्या वहीत पुढच्याच पानावर होतं. पाच वाजायला दहा मिनिटं होती. ती दमलेली नव्हती. मलाही कुठं जायचं नव्हतं. पण चांगल्या जागी धडा थांबवायची मास्तराची खोड असते. पोरं दुसऱ्या दिवशी उत्सुकतेनं येतात. मी वही मिटली.

"थे उद्या. उद्याच्या तासाले."

"आताच सांगा ना जी."

"उद्या," मी बोट वर करून म्हणालो.

"बरं, गुरुजी," ती म्हणाली. सगळं गाव मला गुरुजी म्हणायचं. तिनं त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं, आणि आपल्याच बोलण्यावर लाजून उशीत तोंड घातलं.

थोड्या वेळानं तिनं एक घोट पाणी मागितलं. त्या अकरा दिवसांत तिनं आपणहून मागितलेलं तेवढंच. त्या दिवसाचं माप संपलं होतं. मी म्हणालो, "आता सकाळी." तिनं मान हलवली.

सकाळी तिला श्वास घेता येईना. सिस्टर धावल्या, डॉक्टर आले, खाटेभोवती हिरवा पडदा ओढला, तिला आत नेलं. ज्यांच्या हाती जे होतं ते त्यांनी केलं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. माया नागपूरहून पोचली तेव्हा साडेअकरा झाले होते. आईचा हात तिला गरम मिळाला, एवढंच. दुपारी एकच्या सुमाराला विमल गेली. तीन वाजता आम्ही तिला घेऊन निघालो तेव्हा ढग आले होते. सेलूपर्यंत ते आमच्या गाडीच्या वरच होते. पाऊस पडला नाही. त्यानंतरही नऊ दिवस पडला नाही. वाडीतला तिनं टाकलेला सांभार उभ्या उभ्या पिवळा पडला. घरात माणसं होती, आणि पाणी द्यायचं कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही.

मला लोक म्हणतात, गुरुजी, तुम्ही खूप केलं. एकतीस वर्षांत तीन तास शिकवलं, असं कुणाला सांगता येतं का? राहिलेला चौथा तास दहा मिनिटांचा होता, आणि तेवढी दहा मिनिटं माझ्याजवळ होती. तो एक घोटही माझ्याजवळच होता, खाटेखालच्या तांब्यात. डॉक्टरांना मी पुढं एकदा विचारलं. एका घोटानं काही बिघडलं नसतं, ते म्हणाले. सुधारलंही नसतं. मी तोही हिशेब मनात बरेच दिवस करत राहिलो. आता करत नाही. पाण्याचा पेला हातात घेतला की हात क्षणभर थांबतो, इतकंच.

तेराव्यानंतर काही कागद न्यायला मला पुन्हा सेवाग्रामला जावं लागलं. काम झालं. त्या वॉर्डाकडे जायचं काही कारण नव्हतं, पण पाय तिकडेच गेले. खिडकीजवळच्या खाटेवर कुणी वेगळीच बाई झोपली होती. शेजारी कुसुमबाई होत्या. सून सुधारत होती, दोन दिवसांत सुटी होणार होती. मला बघून त्या उठल्या, डोळ्याला पदर लावला, रडल्या. मग त्याच स्टुलाकडे हात करून म्हणाल्या, "बसा जी." मी बसलो.

"गुरुजी," त्या थोड्या वेळानं म्हणाल्या, "रागावसान तं नाई? एक राह्यलं तुमचं. थो पडते कसा, थे तुमी उद्या सांगतो म्हणलं होतं. मी बी आयकून राह्यली होती ना. तवापासून माह्या डोक्यात हाये."

वही माझ्याजवळ नव्हती. लागलीही नसती. मी त्यांना सांगितलं. ढगात ते बारीक थेंब एकमेकांवर आदळतात, एकात एक मिसळतात. वर फार गारठा असतो तिथं बर्फाचे कणही होतात, ते आजूबाजूची वाफ ओढून घेत मोठे होतात. असे लाखो बारीक थेंब एकत्र यावे लागतात, तेव्हा पावसाचा एक थेंब होतो. मग तो इतका जड होतो की खालच्या हवेला झेलवत नाही. तेव्हा तो सुटतो. कधी हवा कोरडी असली तर वाटेतच विरून जातो, भुईपर्यंत पोचतही नाही. मी सावकाश सांगितलं, एकही वाक्य गाळलं नाही. मधेच माझा आवाज गेला तेव्हा कुसुमबाई थांबल्या, आणि आवाज परत आल्यावर म्हणाल्या, "हं, सांगा."

सांगून झाल्यावर त्यांनी सुनेचं पांघरूण नीट केलं. मग विचारलं, "तिले समजलं असतं का हो हे?"

"माह्याआदी समजलं असतं," मी म्हणालो.

आणि ते खरं आहे. मी अर्धं सांगेपर्यंत तिनं मान वर केली असती आणि म्हटलं असतं, "म्हणजे..." आणि त्यापुढं घरातली, नाहीतर वाडीतली एखादी रोजची गोष्ट ठेवली असती, इतकी चपखल की मला पुस्तक मिटावं लागलं असतं. कोणती गोष्ट? चार वर्षं झाली. मी तिच्या स्वयंपाकघरात जाऊन उभा राहतो, डबे उघडून बघतो. वाफ्यांमधून फिरतो. मला अजून ती सापडलेली नाही.